येळवशीची तार

मार्गशीर्ष उतरणीला लागला की लातूरकडच्या माणसांच्या बोलण्यात एक घाई शिरते. नांदेडात आमच्या गल्लीत लातूरची तीन घरं आहेत. नळावर, गिरणीत, जिन्यात त्यांचं एकच चाललेलं असतं. तुरीचे दाणे निघाले का, हरभऱ्याची भाजी कुठं कोवळी आहे, आंबिलीचं ताक पुरेसं आंबलं का. वेळ अमावस्येच्या, त्यांच्या बोलीत येळवशीच्या, सकाळी ही तिन्ही घरं कुलूप लावून आपापल्या रानात जातात. परवा शेजारच्या बाईंनी जिन्यातूनच हाक मारली, "आजोबा, औंदा तरी चला की येळवशीला. गाडीत जागा हाय." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण न जाण्याचं कारण ते नव्हे.

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून आंबिलीचा वास आला. आंबट ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. तो वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी उठून खिडकी लावतो आणि तळव्यांचा घाम पुसतो. इतकी वर्षं झाली, माझी मुलं म्हातारी व्हायला आली, पण भीतीला वय नसतं. ती बावीस वर्षांचीच राहते.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुसऱ्या महायुद्धाची मधली वर्षं, आपल्याकडे निजामाचं राज्य. जन्म नांदेडचा, घरी वडील मास्तर. हैदराबादेत जाऊन मी तारेचं काम शिकलो आणि पहिली नेमणूक लातूरला मिळाली. तारघर म्हणजे एक खोली, एक टेबल आणि टेबलावर तारेचे ठोके ऐकवणारा पितळी साउंडर. त्याच्यामागं आम्ही तंबाखूचा रिकामा डबा खोचून ठेवत असू, आवाज मोठा यावा म्हणून. कट्ट, कडकट्ट, कट्ट. कानानं ऐकायचं आणि पेन्सिलीनं लिहायचं. आमचे उस्ताद शिकवताना म्हणत, "कान ऐकेल, हात लिहील. बीचमें तुम मत आओ." ऐकायचं, पण समजून घ्यायचं नाही. समजून घ्यायला लागलास की अक्षर चुकेल.

हे मला वर्षभर जमलं. मग लढाई ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आली आणि आमच्या बाजूची जी पोरं फौजेत गेली होती, त्यांच्या घरच्या तारा येऊ लागल्या. पहिली तार औशाच्या वाटेवरल्या एका म्हाताऱ्याची होती, त्याचा मुलगा शिपाई होता. तार घेऊन आमचे इमामसाब गेले. इमामसाब म्हणजे तारघराचे शिपाई, पन्नाशीचे, खाकी कोट, मेंदी लावलेली दाढी आणि एक जुनी सायकल. परत आले तेव्हा सायकल टेकवून दारातच उभे राहिले.

"काय झालं इमामसाब?"

"बाबूजी, खबर ऐकली अन् त्या म्हाताऱ्यानं आधी मलाच पाणी दिलं. म्हणला, लांबनं आलाव, उन्हाचं."

त्यानंतर गाव इमामसाबच्या सायकलीला भिऊ लागलं. ती गल्लीत वळली की बाया पोरांना आत ओढून दार लोटत. एकदा एका बाईच्या डोक्यावरची घागर ती सायकल नुसती दिसली म्हणून पडली, आणि इमामसाबजवळ तिच्या भावाला मुलगी झाल्याची तार होती. तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. तार चांगली असली की गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत जायचे, "खुशखबर हाय! खुशखबर!" लोक हसत बाहेर येत. पण या रीतीची दुसरी बाजू कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आता ते न ओरडता आले, की दार उघडायच्या आधीच सगळं कळायचं.

मी राहायला होतो शिवमूर्तप्पांच्या घरी. डाळी-साळीचे व्यापारी, लिंगायत, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. त्यांच्या पत्नीला सगळं गाव अव्वा म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा मन्मथ. हैदराबादेत शिकायला म्हणून गेला आणि हवाई दलात भरती झाला. अप्पा सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. सहा महिन्यांनी त्याचा वर्दीतला फोटो आला, तो त्यांनी स्वतःच्या हातानं देवळीशेजारी लावला. मन्मथची बायको महानंदा सतरा-अठरा वर्षांची. मराठी वाचता येत होतं. त्याची पत्रं ती अव्वांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि काही ओळी मनातल्या मनात वाचून पुढं जायची.

त्या दिवाळीला मन्मथ चार दिवसांच्या रजेवर आला. विमानात त्याचं काम बिनतारी यंत्र सांभाळायचं आणि मागची बंदूक चालवायची. "वैमानिक म्होरं बघतो, मी पाठमोरा बसतो," तो सांगत होता. "कुठं चाललो ते मला दिसतच न्हाई. कुठनं आलो तेवढं दिसतं." अव्वांना त्याचं हसू आलं. "म्हंजे बैलगाडीत मागं पाय सोडून बसल्यावानी की!" इष्टलिंगाच्या शेजारी त्याच्या गळ्यात आता एक सरकारी बिल्लाही होता, नाव आणि नंबर कोरलेला. अव्वांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि त्याच्या सदऱ्यात सोडला.

त्या घरात फक्त त्याला आणि मला येणारी एक भाषा होती, तारेच्या ठोक्यांची. जेवायला बसलो की तो पितळी पेल्यावर बोटाच्या नखानं ठोकायचा आणि मी माझ्या पेल्यावर उत्तर द्यायचो. आमटीत मीठ कमी आहे, अप्पा आज खुशीत आहेत, असलं काहीबाही. अव्वा म्हणायच्या, "काय बडवायलाव रे दोघं?" निघायच्या आदल्या दिवशी सगळे पंगतीला असताना त्यानं पेल्यावर सावकाश ठोकलं. फार भीती वाटते. घरी सांगू नको. मी मान वर केली. तो महानंदाला भाकरी मागत होता, हसत.

मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून साउंडर वाजला की मी मध्ये येऊ लागलो. ऐकता ऐकता समजायला लागलं.

येळवशीच्या दिवशी लातूर ओस पडतं. तेव्हाही पडायचं. पहाटेपासून गाड्या जुंपून, डोक्यावर आंबिलीनं भरलेली बिंदगी घेऊन सगळा गाव रानाकडं निघाला होता. आमच्या घरचेही गेले. अप्पा जाता जाता म्हणाले, "तारबाबू, काम आटपलं की या. तुमच्याबिगर पंगत बसायची न्हाई. इमामसाबलाबी आणा."

सकाळचे दहा वाजले असतील. बाजारपेठेत एक कुत्रं तेवढं चालत होतं. साउंडर वाजला आणि मी पेन्सिल उचलली. तातडीची तार होती. आधी घेणाऱ्याचं नाव. एस. एच. आय. व्ही. लातुरात या अक्षरांची सुरुवात असलेली पन्नास माणसं असतील, मी स्वतःला म्हणालो. एम. ओ. ओ. मग दहा राहिली. पुढच्या दर अक्षरासरशी त्यातली माणसं गळत गेली, आणि गल्लीचं नाव आलं तेव्हा एकच उरलं. माझा हात थांबला. मी तार मध्येच तोडली आणि पुन्हा पाठवायला सांगितलं. पलीकडच्या माणसानं तेच, तेवढ्याच वेगानं पुन्हा पाठवलं. त्याला काय ठाऊक?

तुमचा मुलगा मन्मथ हवाई मोहिमेवरून परतलेला नाही, बेपत्ता आहे, कळवण्यास खेद होतो, अधिक समजताच कळवू. मूळ इंग्रजी इतकं थोडं होतं की कागद अर्धाही भरला नाही.

इमामसाबनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कागद मागितला नाही. "कुणाची?" एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर खाली बसले. मग म्हणाले, "मी जातो बाबूजी. तुम्ही घरचे हाव. घरच्यानं असली खबर नेऊ नये."

"तुमची खाकी रानात लांबून दिसली तर अव्वा तिथंच पडतील."

"मग?"

"मीच जातो. मला जेवायला बोलावलंच आहे."

अडीच-तीन मैलांची वाट होती. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर गेलेली ज्वारी, मध्ये करडईचे पट्टे, हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब पायाला चिकटायची. रानारानातून हाका, हसणं, पाटाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरणारी माणसं. ओळखीचे लोक बोलवत होते, "तारबाबू, इकडं या, बाजरीचा उंडा खाऊन जावा!" मी हात हलवत चालत होतो. कागद बंडीच्या खिशात, छातीवर होता. मी मनात वाक्य जुळवत होतो. मेला असं नाही. जिवंत आहे असंही नाही. मराठीत कसं सांगायचं? बेपत्ता म्हटलं तर अव्वांना कळेल का? हरवला म्हणावं, तर हरवतात ती जत्रेतली लेकरं. असल्या तारांना इमामसाबचा शब्द होता 'लापता'. तो ऐकला की मला वाटायचं, एखाद्या पाकिटावरला पत्ता कुणी तरी खोडून टाकला आहे.

अप्पांच्या रानात कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. त्यांच्यापुढं अव्वांनी एक पान वाढून ठेवलं होतं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "मन्मथाचं. लेकरू लांब हाय, पर पान चुकवू नये."

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण अप्पांनी हात धरून बसवलं, अव्वांनी द्रोण भरून आंबील दिली, तुरी-हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी वाढली, खीर वाढली. मी जेवलो. खिशात ती तार घेऊन मी त्या माउलीच्या हातचं पोटभर जेवलो, आणि प्रत्येक घासाला वाटत होतं की कागद खिशातल्या खिशात वाजतो आहे आणि सगळ्यांना ऐकू जातो आहे. आज मागं वळून बघताना मला त्या तारेपेक्षा त्या जेवणाची जास्त लाज वाटते.

हात धुवायला विहिरीवर गेलो तर महानंदा आधीच तिथं होती. तिनं तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. पाणी संपलं तरी तांब्या तसाच वाकडा धरून होती.

"भावजी, इमामसाब कामून आले न्हाईत?"

"तारघरात काम आहे."

"आज? आज सगळं गाव रानात हाय." तिची नजर माझ्या खिशावर होती. जेवताना मी दहा वेळा तिथं हात लावला असणार. "द्या," ती म्हणाली.

मी दिला. इंग्रजी तिला येत नव्हतं. ती ओळींवरून बोट फिरवत गेली आणि मन्मथच्या नावापाशी बोट थांबलं. ते नाव तिनं पाकिटांवर इतकं बघितलं होतं की इंग्रजीतही ओळखलं.

"मेले आसं हाय का ह्यात?"

"नाही."

"जित्ते हायेत आसं हाय?"

"नाही."

"मग काय हाय?"

"सापडत नाहीत, वैनी. शोध चालू आहे."

विहिरीत एक पारवा फडफडला. तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. "आज अव्वास्नी सांगू नगा. पान वाढलंय त्येंनी. दिवस मावळू द्या." मग ती गेली आणि बायांच्यात बसून उरलेले उंडे वाटू लागली. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून रानाभोवती फिरवतात, तेव्हाही ती सगळ्यांच्या मागं चालत होती. जाळाच्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला. मी आयुष्यात इतका भ्यालेला आणि इतका स्थिर चेहरा पुन्हा बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सांगितलं. मी शेजारी उभा होतो, फक्त अर्थ विचारला तर सांगायला. अप्पा भिंतीला टेकून खाली बसत गेले. अव्वांनी मला विचारलं, "म्हंजे अजून गावला न्हाई, येवढंच ना बाबू?"

"येवढंच."

"गावला की तुमच्या त्या डब्यातच येतंय ना?"

"हो अव्वा."

त्या दिवसापासून अव्वा तारघराच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. सकाळचं घरकाम उरकून यायच्या, खिडकीखाली पोतं अंथरायच्या, पुढ्यात तूर निवडायला घ्यायच्या आणि ऐकत राहायच्या. सगळा पौष, सगळा माघ. साउंडर वाजला की तूर निवडणारा हात थांबे.

"आत्ता काय म्हणलं?"

"सोलापूरचा बाजारभाव, अव्वा."

"अन् आत्ता?"

"निलंग्याच्या कुणाचं तरी लग्न ठरलंय."

"बरं झालं," त्या म्हणत, आणि हात पुन्हा चालू होई.

नोकरीत घेतलेली गुप्ततेची शपथ मी रोज मोडत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होती ती वेगळीच भीती. उद्या खरंच ती तार आली तर? अव्वा खिडकीतून माझं तोंड वाचतील. म्हणून मी तोंडाला वळण लावू लागलो. चांगली तार असो, वाईट असो, चेहरा एकच. आरशात बघून सराव करायचो. घरी गेलो की अप्पा दारात बसलेले असत. विचारत काहीच नसत. नुसते बघत, आणि मी मान हलवली की आत वळत. महानंदा तर मला दिसायचीच नाही, पण मी ओसरीवर पाऊल टाकलं की आत चालू असलेलं जातं थांबायचं आणि मी "काही नाही" म्हटल्यावर पुन्हा फिरायला लागायचं. तीन माणसांचं ते घर माझ्या पावलांना भीत होतं. बैलगाडीच्या आखाचा आवाज, पावसाळ्यात सैल झालेली फळी, पाटा-वरवंटा, कशातही मला अक्षरं ऐकू यायची. झोप उडाली. जेवताना कुणी पेला खाली ठेवला की मी दचकायचो.

कधी कधी मनात यायचं, एकदाची येऊन जाऊ दे. काय असेल ते. हे मनात आलं की मी स्वतःच्या तोंडात मारून घेत असे.

फाल्गुन लागला. ज्वारीची काढणी सुरू झाली होती, रस्त्यानं कणसांच्या गाड्या जात होत्या. अव्वा खिडकीखाली होत्या. साउंडर वाजला. अप्पांचं नाव या वेळी मला पहिल्या तीन अक्षरांतच कळलं. मी लिहीत राहिलो. चेहरा सरावाप्रमाणे तसाच होता.

"आत्ता काय म्हणलं?"

मी मान खाली घालून पुढचं अक्षर उतरवलं.

"बाबू?"

डोंगरात विमान सापडलं होतं. वैमानिक आणि मन्मथ, दोघंही त्यातच गेले होते. हात लिहीत होता, पण अक्षरं वाकडी येऊ लागली. खिडकीतून अव्वांचा आवाज आला, अगदी हळू, "लिवा. पुरं लिवा. अर्धं ठेवू नगा."

मी पुरं लिहिलं. त्या आत आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "अंगठा कुठं करायचा?" इमामसाबनी शाईचा बोळा पुढं केला. अव्वांनी अंगठा नीट दाबून उमटवला. मी उठलो, टोपी घातली. अव्वांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुमी बसा. लई दिवस तुमी भेत राहिलाव. घरात मी सांगते."

त्या पुढं, आणि मागं सायकल हातात धरून चालत इमामसाब. मी थोडं अंतर ठेवून गेलोच, बसवेना. आतलं जातं थांबलं. महानंदा उंबऱ्यात आली. अव्वांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाट बघायचं सरलं गं पोरी. आत चल."

महिन्यानं हवाई दलाचं पत्र आलं, ते मीच वाचून सांगितलं. डोंगरातल्या गावकऱ्यांनी दोघांना माती दिली होती. "माती दिली?" अव्वांनी दोनदा विचारलं. लिंगायतांत आमच्यासारखं जाळत नाहीत, पुरतात. "दिली अव्वा." "बास," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

आणि मी? मला त्या दिवशी गाढ झोप लागली. घरात एवढं झालं होतं आणि मी लाकडासारखा झोपलो. पुढं माझी धर्माबादला बदली झाली, मग नांदेडला. त्या मुलखावर लवकरच दुसऱ्या भीतीचे दिवस आले. त्यांची गोष्ट वेगळी. पण त्या झोपेबद्दल मी कधी कुणापाशी बोललो नाही, महानंदा भेटेपर्यंत.

ती मला नांदेडलाच भेटली, वीस-बावीस वर्षांनी. अप्पांनी तिला शिकवलं होतं. ती मुलींच्या शाळेत बाई झाली होती, चष्मा, काठापदराचं पांढरं लुगडं. परीक्षेच्या कामाला आली होती, घरी चहाला आली. अव्वा शेवटपर्यंत शांत होत्या, अप्पा आधी गेले, असं सांगत होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला म्हणालो, "वैनी, ते अडीच महिने मी कसे काढले माझं मला ठाऊक. दुसरी तार आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मला माफ करा."

तिनं कप खाली ठेवला.

"समद्यांनाच सुटल्यासारखं झालं, भावजी. अव्वांनाबी. मला न्हाई झालं." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मला आजबी कुणी म्हणलं ना, की माग काय मागायचं ते, तर मी तेच दिवस मागीन. जातं थांबवून तुमचं पाऊल ऐकायचे. लई भ्या वाटायचं. पर तवा रोज सांजंपावतर ते जित्ते असायचे."